तुर्भ्यातलं रेडिएटरचं दुकान: हीटर कोर बदलून घेतला, त्याचा पूर्ण अनुभव

ज्यांच्या गाडीतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) दर आठवड्याला कमी होतंय पण पार्किंगमध्ये गाडीखाली एक थेंबही दिसत नाही, त्यांच्यासाठी खास लिहितेय. मी जून ते सप्टेंबर चार महिने या एका गोष्टीत घालवले, रेडिएटर बदलूनही फरक पडला नाही, आणि शेवटी तुर्भ्याच्या एका छोट्या दुकानात अर्ध्या तासात कळलं की बिघाड भलतीकडेच आहे. दुकानाला धड नाव नाहीये, पत्र्याच्या बोर्डवर फक्त 'रेडिएटर, कंडेन्सर, हीटर कोर' एवढंच रंगवलंय आणि मालकांना सगळे अण्णा म्हणतात. तुर्भे नाक्याकडून आत एमआयडीसीच्या बाजूला जिथे ट्रक ओळीने उभे असतात त्या गल्लीत कोणालाही रेडिएटरवाले अण्णा विचारा, सांगतील.

आता सुरुवातीपासून सांगते. आम्ही ऐरोलीला राहतो, गाडी 2015 ची पेट्रोल हॅचबॅक, 78,000 किलोमीटर झालेत. रोज मीच चालवते, ऐरोली ते महापे, संध्याकाळी परत. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा डावीकडच्या सीटखालचं मॅट ओलं लागायला लागलं. आम्ही राहतो तिथल्या जवळच्या गॅरेजमध्ये दाखवलं, ते म्हणाले एसीचा ड्रेन पाइप चोकअप आहे, पाणी बाहेर न जाता आत येतंय. असं होतं खरंच, खूप गाड्यांमध्ये होतं, त्यामुळे मला पटलं. पाइप साफ केला, 500 रुपये घेतले, मॅट वाळवलं. आठ दिवसांनी मॅट पुन्हा ओलं आणि वर कूलंटच्या डब्यातली लेव्हल मिनिममच्या खाली. तेव्हा ते म्हणाले रेडिएटर बारीक लीक असेल, गरम इंजिनावर वाफ होऊन उडून जातं म्हणून खाली दिसत नाही. जुलैमध्ये रेडिएटर बदलला, 6,800 रुपये. जुना रेडिएटर मी मागितला नाही, तो भंगारात गेला. आणि ऑगस्टमध्ये लेव्हल पुन्हा खाली. मधल्या काळात मी काय करत होते तर घरातून बाटली भरून न्यायची आणि डब्यात ओतायची, साधं नळाचं पाणी. हे किती चुकीचं होतं ते पुढे येईलच.

मग गौरी आल्या. सासर नाशिकचं, गौरी आणायच्या दिवशी पहाटे निघालो, मी, नवरा आणि मुलगी. माजिवड्याच्या पुढे खारेगावपासून भिवंडी बायपासपर्यंत गाडी पहिल्या दुसऱ्या गिअरच्या वर गेलीच नाही. शहापूर ओलांडलं, कसारा घाट चढायला लागलो आणि टेम्परेचरचा काटा मधून वर सरकायला लागला. भावाला फोन लावला, तो म्हणाला एसी बंद कर, काचा खाली कर आणि हीटर फुल कर, इंजिनाची उष्णता तेवढी आत ओढली जाईल. सल्ला बरोबर होता, हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच असतो, त्यालाच हीटर कोर म्हणतात, त्यातूनही गरम कूलंट फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा मारतो. पण हीटर सुरू केल्या केल्या आत जो वास भरला तो मी विसरणार नाही. गुळाचा पाक जरासा करपल्यावर येतो तसा गोडसर, आणि घशाला लागणारा. समोरची काच आतून धुरकट झाली, फडक्याने पुसली तर तेलाचा हात फिरवल्यासारखा पट्टा उमटला. मुलगी खोकायला लागली. आणि चारपाच मिनिटांनी काटा आणखी वर गेला पण हीटरमधून चक्क गार हवा यायला लागली.

बाजूला घेऊन बंद केली. एक ट्रक ड्रायव्हर मागून येऊन थांबले, पाण्याचा कॅन दिला आणि केबिनमधून हळदीची पुडी काढून म्हणाले ही टाका, लीक बंद होतं. भला माणूस, एवढ्या चढावर आमच्यासाठी गाडी थांबवली त्याने. नवऱ्याने पाणी घेतलं, हळद नको म्हणाला. पाऊण तास थांबून इंजिन गार झाल्यावर पाणी भरलं आणि हळूहळू निघालो. गौरी उंबऱ्यातून आत आल्या तेव्हा आम्ही इगतपुरीला होतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदा चुकलं ते. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण मला फार लागलं.

परत आल्यावर एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी वास घेतल्यावर हीटर कोरच म्हटलं, पण सुटा कोर बदलत नाही, पूर्ण हीटर बॉक्स असेंब्ली बदलावी लागेल, डॅशबोर्ड उतरवणं, एसी गॅस, सगळं धरून 23,000 चं एस्टिमेट. दहा वर्षं जुन्या गाडीवर एवढे घालायचे का यावर घरी दोन दिवस चर्चा झाली. तेव्हा ऑफिसच्या बसच्या ड्रायव्हर काकांनी तुर्भ्याचं हे दुकान सांगितलं.

मी एकटीच गेले, शनिवारी सकाळी. खरं सांगायचं तर मनात धाकधूक होती, बाईमाणूस एकटी गॅरेजमध्ये गेली की काय काय गळ्यात मारतात ते माहितेय. अण्णांनी आधी पाच मिनिटं फक्त ऐकून घेतलं. किती दिवसांनी किती कमी होतं, पाणी कुठलं टाकता, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का, ऑइलच्या झाकणाखाली साय आल्यासारखं दिसतं का, काच आतून चिकट होते का. मग बोनेट न उघडता डावीकडचा दरवाजा उघडला, मॅट उचललं, खालच्या फोममध्ये दोन बोटं दाबली आणि अंगठ्यावर घासून मला म्हणाले, "ताई, हात लावून बघा. एसीचं पाणी असतं तर हाताला चिकटलं नसतं." मी बोटं लावली तर खरंच साखरेच्या पाण्यासारखं चिकट आणि जरासं हिरवट. जूनपासून हे माझ्या गाडीत होतं आणि एवढी साधी गोष्ट कोणी करून बघितली नव्हती. मीही नाही.

तेवढ्यावर त्यांनी निकाल दिला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, मग कूलंटची कॅप काढून तिच्या जागी हातपंप लावला, त्यावर प्रेशरचा काटा असतो. त्यांची पद्धत अशी की कॅपवर जेवढं प्रेशर छापलंय तेवढंच भरायचं, आमच्या कॅपवर 1.1 होतं म्हणजे 1.1 बार. काटा स्थिर राहिला तर सिस्टिम टाइट, हळूहळू पडला तर कुठेतरी लीक. आमचा पडत होता, आणि बाहेर कुठेच ओलं नाही, रेडिएटर कोरडा, पाइप कोरडे, वॉटर पंप कोरडा. मग फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, आत जाणारे हीटरचे दोन्ही पाइप चिमट्याने दाबून बंद केले आणि पुन्हा पंप मारला. काटा जागचा हलला नाही. म्हणजे गळती त्या दोन पाइपांच्या पलीकडे, डॅशबोर्डच्या आत. हे बघताना मला शाळेतलं गणित सुटल्यासारखं वाटलं. शिवाय हेड गॅस्केटची (सिलिंडरवरच्या सीलची) शंका राहू नये म्हणून निळ्या पाण्याची टेस्टही केली, इंजिन चालू ठेवून कूलंटवरची हवा त्या निळ्या पाण्यातून ओढतात, सिलिंडरमधला जळका गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळं पाणी पिवळं पडतं. आमचं निळंच राहिलं. या सगळ्या तपासणीचे 300 रुपये, काम त्यांच्याकडे केलं तर तेही नाही.

कॅपबद्दल त्यांनी सांगितलेलं मला आधी अजिबात माहीत नव्हतं म्हणून लिहिते. मी ते साधं झाकण समजत होते, पण त्यातली स्प्रिंग सिस्टिममध्ये प्रेशर धरून ठेवते. कुकरचंच तत्त्व, 1 बार प्रेशर वाढलं की पाणी 100 ऐवजी साधारण 120 डिग्रीला उकळतं, आणि अर्धं कूलंट अर्धं पाणी असेल तर त्याच्याही वर. कॅपचं रबर गेलं तर सगळं नवं असूनही गाडी उकळते. आणि गरम इंजिनावर कॅप उघडली की प्रेशर एकदम सुटतं आणि आतलं सगळं उकळून अंगावर येतं. अण्णांच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा पांढुरका डाग आहे, शिकाऊ असतानाचा. कोणी तापलेली गाडी घेऊन आलं की ते स्वतः कॅपला हात लावत नाहीत आणि त्या माणसालाही लावू देत नाहीत, आधी गाडी सावलीत लावायला सांगतात.

मी जूनपासून नळाचं पाणी ओतत होते ते सांगितल्यावर ते रागावले नाहीत, पण म्हणाले कोर त्यानेच गेला असेल असं नाही, मात्र आयुष्य नक्की कमी झालं. कूलंटमध्ये गंज रोखणारी औषधं असतात, आपण नुसतं पाणी वाढवत गेलो की ती पातळ होत जातात, पाण्यातले क्षार आत बसतात आणि ॲल्युमिनियमला बारीक भोकं पडतात. बोअरिंगचं पाणी तर त्याहून वाईट. अगदीच टॉपअप करायचं तर बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, टाका म्हणाले. रंगाच्या भरवशावरही राहायचं नाही, हिरवं हिरव्यात चालतं असं नसतं, कंपनी कंपनीचा रंग वेगळा, चुकीचे दोन प्रकार एकत्र झाले तर आत जेलीसारखा गाळ होऊ शकतो. आणि हळद? ते म्हणाले जुन्या ट्रकचे पितळी रेडिएटर, नळ्या रुंद, तिथे रस्त्यात अडकलेल्या माणसाला डेपोपर्यंत पोचवायला ठीक. हीटर कोरच्या नळ्या एवढ्या अरुंद असतात की हळद काय आणि बाजारातली लीक बंद करायची पावडर काय, आधी तिथेच जाऊन बसते. घाटात हीटरमधून गार हवा का आली तेही कळलं. कूलंट इतकं कमी झालं होतं की हीटरपर्यंत पोचतच नव्हतं. काटा वर आणि हीटर गार, असं झालं तर एक मिनिट पुढे न नेता गाडी बंद करायची. आम्ही नशिबाने थांबलो.

मग पर्याय. एक बायपास, म्हणजे हीटरचे दोन पाइप बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून टाकायचे, कोर सिस्टिममधून बाद, खर्च चारशे रुपये. मुंबई ठाण्यात हीटर लावतो कोण म्हणून खूप टॅक्सीवाले हेच करतात, पावसात काच धुरकटली तर एसीने काम भागतं. त्यांनी ते लपवलं नाही, उलट पहिल्यांदा तेच सांगितलं. मी विचारलं तुम्ही तुमच्या गाडीला काय कराल, तर म्हणाले, "नाशिकला वरचेवर जाता, थंडीत पहाटे निघता, लहान मूल आहे. मी कोर बदलीन. पण घाई नाही, बायपास करून महिनाभर चालवा, पैसे जमले की या." असं बोलणारा मेकॅनिक मला पहिल्यांदा भेटला. मी कोर बदलायचं ठरवलं.

गाडी तिथे असताना मी दोनदा जाऊन आले, आणि एकदा तासभर उभी राहून त्यांचं दुसरं काम बघितलं. भाजीच्या टेम्पोचा पितळी रेडिएटर होता, बहुतेक एपीएमसीला (घाऊक भाजी बाजारात) येणारा टेम्पो असावा. त्यांच्या पोराने सगळी तोंडं रबरी बुचांनी बंद केली, एका तोंडातून हवा भरली आणि रेडिएटर सिमेंटच्या टाकीत पाण्याखाली धरला. दोन सेकंदांनी एका कोपऱ्यातून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे वर यायला लागले. तिथे खडूने खूण केली, बाहेर काढून वाळवला, ब्रशने घासून पितळ चकचकीत केलं आणि मग डाग (सोल्डर) दिला. डाग देताना शिसं त्या फटीत ओढलं जातं ते बघत राहावं असं असतं, पोर श्वास रोखून हात स्थिर ठेवत होता. पुन्हा टाकीत बुडवला, एक बुडबुडा नाही. जाळीच्या वाकलेल्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, एका कंगव्यासारख्या हत्याराने एकेक सरळ केल्या. आमच्या गाड्यांना आता ॲल्युमिनियमची जाळी आणि वर खाली प्लास्टिकच्या टाक्या असतात, त्यांना असा डाग बसत नाही. टाकीच्या कडेचं गॅस्केट गेलं असेल तर पत्र्याची कड उघडून ते बदलून देतात, जाळीच फुटली तर नवीनच घ्यायला लागतं. एमसील वगैरे लावलेलं टिकत नाही, प्रेशर आणि उष्णता दोन्ही असते, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते.

आमच्या गाडीचा डॅशबोर्ड अर्धाच उतरवावा लागला, कोर बाजूने सरकवून बाहेर निघाला. त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं की बॉक्स उघडायला लागला तर एसी गॅस काढून पुन्हा भरावा लागेल, 1,500 जास्त होतील. लागला नाही आणि त्यांनी तो धरलाही नाही. जुना कोर मी न मागता माझ्या हातात दिला. तळहाताहून थोडा मोठा, एका नळीच्या टोकाला पांढरा हिरवा खरपुडीसारखा थर, तो नखाने खरवडल्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक. एवढंसं भोक, आणि त्यासाठी जून ते सप्टेंबर. नवीन कोर बसवायच्या आधी सगळी सिस्टिम उलट्या बाजूने पाणी सोडून धुतली, पहिलं पाणी चहासारखं निघालं. आणि जुनं कूलंट गटारात न सोडता कॅनमध्ये भरून झाकण लावलं. मी विचारलं तर म्हणाले गोड असतं म्हणून कुत्री चाटतात, मांजरंही तोंड लावतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मरू शकतात. गल्लीत पाचसहा कुत्री आहेत, त्यातलं एक लंगडं त्यांच्या दुकानाच्या पायरीवरच झोपतं.

कूलंट भरल्यावर हवा काढायला पाऊण तास घेतला, हीटर फुल ठेवून, पाइप दाबून दाबून, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवली. आत हवा अडकली तर नव्या कोरवर पण काटा वर जातो. मग पुन्हा तोच हातपंप लावून मला काटा दाखवला, पंधरा मिनिटं, जागचा हलला नाही. बिल असं: कोर 2,400, मजुरी 5,000, कूलंट आणि बॅटरीचं पाणी 1,050, पाइपचे तुकडे आणि क्लॅम्प 350. एकूण 8,800.

न आवडलेलंही लिहिते. दोन दिवस सांगून तीन दिवस लावले, आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलला नाही, मी रिक्षा करून बघायला गेले तेव्हा कळलं कोर चुकीच्या मॉडेलचा आला होता म्हणून परत पाठवला. फोन करून सांगितलं असतं तर माझी एक सुट्टी वाचली असती. डॅशबोर्डची एक प्लास्टिक क्लिप काढताना तुटली, त्यांनी ती स्वतः दाखवली आणि दुसरी लावली, तरी ठाणे बेलापूर रोडवर खराब पॅच आला की ग्लोव्हबॉक्सजवळ हलका खडखडाट येतो. ते म्हणाले कधीही या, फोमची पट्टी लावून देतो, मी अजून गेले नाही. बिल आधी चिठ्ठीवर दिलं, पक्कं मागितल्यावर दिलं, सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी होती ती मी बिलावर लिहून घेतली. बायकांना थांबायला सोय अजिबात नाही, टॉयलेट नाही, बसायला एक स्टूल आणि तेही ऑइलचं. अण्णा, हे वाचत असाल तर एक स्वच्छ खुर्ची आणि पंखा एवढं करा, बायकाही गाड्या चालवतात आता.

आधीच्या गॅरेजबद्दल अण्णांकडून एक वाईट शब्द काढून घेता आला नाही मला. मी बराच वेळ तक्रार करत होते, तर म्हणाले जुना रेडिएटर बघायला मिळाला असता तर त्यातही लीक होतं का ते सांगितलं असतं, न बघता कसं सांगू.

काम करून घेऊन अडीच महिने झाले. दुकानातून निघतानाच कूलंटच्या डब्यावर मार्करने रेघ मारून घेतली होती, दर रविवारी सकाळी गार इंजिनावर बघते, रेघेवरच आहे. मॅट कोरडं आहे, वास गेला, काच एका पुसण्यात साफ होते. दिवाळीला नाशिकला जाऊन आलो, कसाऱ्यात काटा मधल्या खुणेवर.

कोणाला जायचं असेल तर गाडी आदल्या रात्री दुकानाजवळ सोडा किंवा सकाळी दुकान उघडायला पोचा आणि इंजिन गार होईपर्यंत थांबायची तयारी ठेवा, तापलेल्या गाडीवर ते प्रेशर टेस्ट करत नाहीत. रविवारी अर्धा दिवसच असतं. गल्लीत ट्रक मागेपुढे होत असतात, नुसतं विचारायला जाणार असाल तर गाडी नाक्यालाच लावून चालत आत गेलात तर बरं.